जमिनीवरची झटापट शिकायची आहे: ज्युडो की ब्राझिलियन जिउ-जित्सू?

नवा_गडी

दोन्ही वर्ग घरापासून वीस मिनिटांवर आहेत. ज्युडो एका शाळेच्या सभागृहात, सोम-बुध-शुक्र दीड तास. जिउ-जित्सूची अकॅडमी आठवडाभर उघडी, पण फी ज्युडोच्या चौपट. वय ३१, वजन ७२ किलो, आधीचा अनुभव शून्य. उचलून आपटण्यात मला फार रस नाही. खाली सापडलो तर काय करायचं, पकडीतून सुटायचं कसं, वरच्याला उलटवायचं कसं, एवढं शिकायचं आहे. ज्युडोतही ने-वाझा, म्हणजे जमिनीवरचे डाव, असतो म्हणतात. मग चौपट पैसे कशाला? आणि तो पुरेसा नसेल तर नक्की काय कमी पडतं? 'दोन्ही आपापल्या जागी छान' हे उत्तर कृपया नको.

---

कोपरापासून_सावध

डाव बहुतेक तेच आहेत. फरक नियमांत आहे, आणि माणूस नियमात ज्याला गुण मिळतात तेच घोटतो.

ज्युडोत पाठीवर दाबून धरलं की घड्याळ सुरू होतं. १० सेकंदांना वाझा-आरी (अर्धा विजय), २० सेकंदांना इप्पोन (पूर्ण विजय), खेळ खलास. २०२५ पासून युको, म्हणजे त्याहून छोटा गुण, परत आलाय, तो ५ सेकंदांपासून मिळतो. सामनाच मुळात ४ मिनिटांचा. दोघं खाली गेले आणि काही प्रगती दिसली नाही की पंच 'माते' म्हणून उभं करतो. म्हणून ज्युडोवाला दोन गोष्टींत तरबेज होतो: फेकीतून उतरता उतरता पकड बसवणं आणि बसलेली पकड सुटू न देणं. आणि तो खाली सापडला की पालथा होऊन कासव होतो, कारण काही सेकंद तग धरला तर पंच सोडवणार आहे हे त्याला ठाऊक असतं.

आयबीजेजेएफच्या (जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत दाबून धरल्यानं सामना संपत नाही. पाडलं तर २ गुण, खालून उलटवलं तर २, पोटावर गुडघा २, गार्ड (खालच्याच्या पायांची आडकाठी) ओलांडला तर ३, माउंट (छाताडावर बसणं) ४, पाय आत अडकवून पाठ घेतली तर ४. प्रत्येक जागा ३ सेकंद स्थिर ठेवायची, मग गुण. पांढऱ्या पट्ट्याचा (नवशिक्याचा) सामना ५ मिनिटांचा, काळ्याचा १०. सोडवायला कोणी येत नाही. कासव होऊन बसलात तर पाठ जाते आणि पाठोपाठ गळा.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी 'खाली सापडलो तर काय' आणि 'वरच्याला उलटवायचं कसं' या दोन्ही जिउ-जित्सूच्या मधोमध येतात. पाठीवर पडून पायांनी लढणं, म्हणजे गार्ड, हा तिथला अर्धा अभ्यासक्रम. ज्युडोत तो असतो, पण पाहुण्यासारखा.

---

तालमीतला

वरच्या प्रतिसादाशी अर्धा सहमत. दाबून धरणं कमी लेखू नका. जिउ-जित्सूच्या निळ्या (पांढऱ्यानंतरच्या) पट्टेवाल्याखाली आणि त्याच वजनाच्या बऱ्या ज्युडोवाल्याखाली एक-एक मिनिट पडून बघा, वजन कुणाचं जास्त लागतं ते बरगड्या सांगतील. जिउ-जित्सूत वरचा माणूस सारखा पुढची जागा शोधत हलतो आणि हलताना फट पडते. ज्युडोवाल्याला २० सेकंद हलायचंच नसतं.

आणखी एक. जिउ-जित्सूच्या बऱ्याच वर्गांत लढत गुडघ्यावर बसून सुरू करतात. पडायचं कसं ते कोणी शिकवत नाही. आधी उकेमी (न लागता पडण्याचं तंत्र), मग बाकीचं.

---

आकडेमोड

फीचा हिशेब मांडूया. दीड तासाच्या ज्युडोत सराव, उचिकोमी (फेकीत शिरण्याची घोटणी), फेकी, उभी रांदोरी (मोकळी झटापट), आणि शेवटी ३ ते ५ मिनिटांच्या जमिनीवरच्या तीन-चार फेऱ्या. प्रत्यक्ष झटापट धरा १५ मिनिटं. जिउ-जित्सूच्या दीड तासात ५ मिनिटांच्या सहा फेऱ्या म्हणजे ३० मिनिटं. आठवड्याला तीन दिवस गेलात तर इकडे ४५, तिकडे ९०. मिनिटं दुप्पट, फी चौपट. म्हणजे जमिनीवरचं एक मिनिट दुप्पट महाग. पाच दिवस गेलात तर १५० मिनिटं, हिशेब जवळजवळ बरोबरीला येतो. तेव्हा 'महाग' हे तुम्ही आठवड्यातून किती दिवस जाणार यावर आहे.

हे आकडे मी नेहमीच्या वेळापत्रकावरून धरलेत. तुमच्या वर्गाचे तुम्हीच मोजा. एक दिवस बाकावर बसा, मोबाइलवर घड्याळ लावा आणि फक्त विरोध चालू असलेली, जमिनीवरची मिनिटं मोजा. डाव दाखवण्यात गेलेला वेळ धरू नका.

---

इतिहासाचार्य

धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, करायचा नाही, थोडक्यात सांगतो. हे दोन वेगळे खेळ नव्हतेच. कानो जिगोरो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान सुरू केलं. तिथं तयार झालेले माएदा मित्सुयो १९१४ साली ब्राझीलला पोचले आणि बेलेममध्ये त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. त्याच १९१४ साली जपानात उच्च माध्यमिक शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत थेट जमिनीवर ओढून नेण्याला मुभा होती. तोच कोसेन ज्युडो. आज जिउ-जित्सूत ज्याला ट्रँगल म्हणतात त्या सांकाकु-जिमेला (पायांच्या त्रिकोणात गळा आवळण्याला) तिथंच धार आली. कोदोकाननं पुढे जमिनीवर उतरण्यावर बंधनं आणली, जपानच्या सात जुन्या शाही विद्यापीठांनी मात्र ते जुने नियम आपसातल्या स्पर्धेत आजही ठेवलेत. १९५१ साली रिओच्या मराकाना स्टेडियमवर ज्युडोवाले किमुरा मासाहिको यांनी कार्लोसचे भाऊ एलियो ग्रेसींचा हात ज्या उदे-गारामीनं (वाकवलेला हात पिळण्याच्या पकडीनं) मोडला, तिलाच जिउ-जित्सूवाले 'किमुरा' म्हणतात.

थोडक्यात, ज्युडोत ने-वाझा 'नाही' असं नाही. आजच्या स्पर्धेच्या नियमांत त्याला वेळ नाही.

---

नवा_गडी

आकडेमोड, हे पटलं. मी आठवड्याला तीनच दिवस जाऊ शकतो. तालमीतला, 'वजन लागणं' म्हणजे काय? ७२ किलो ते ७२ किलोच ना?

---

कानाखाली_केसा

७२ किलो तुमचे आहेत, पण ते पेलतं कोण, मॅट की खालचा माणूस, हा प्रश्न आहे. केसा-गातामे घ्या, दाबून धरायची सगळ्यात आधी शिकवतात ती पकड.

तुम्ही त्याच्या उजव्या कुशीला. उजवा हात त्याच्या मानेखालून, डाव्या हातानं त्याची उजवी बाही खेचून हात तुमच्या बगलेत गच्च. उजवा पाय त्याच्या खांद्यालगत पुढे, डावा मागे, दोन्हीत भरपूर अंतर. नवशिका इथं आरामात बूड टेकून बसतो. झालं, निम्मं वजन मॅटनं घेतलं. बूड मॅटला जेमतेम लागलेलं हवं, तुमची बरगडी त्याच्या बरगडीवर रेललेली हवी आणि बाही वर खेचलेली. बाही खेचली की त्याची उजवी बाजू किंचित उचलली जाते आणि त्याला कुशीवर वळता येत नाही. हे नीट जमलं तर खालच्याचा श्वास अर्धाच होतो: तो सोडतो तेव्हा तुम्ही खाली बसता, आणि पुढचा श्वास त्याला पूर्ण भरता येत नाही.

बाकी चुका: डोकं वर ठेवणं (तो हनुवटी मागे रेटतो किंवा पाय उचलून तुमच्या डोक्यावर अडकवतो), आणि पाय जवळजवळ ठेवणं (तो पूल करून, म्हणजे कंबर उचलून, तुम्हाला पलीकडे लोटतो).

---

कोपरापासून_सावध

आता हीच पकड जिउ-जित्सूवाला कशी बघतो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. त्याला मानेखालचा हात आवडत नाही. खालच्यानं उजवं कोपर बगलेतून ओढून मॅटला टेकवलं की तो कुशीवर येतो, आणखी थोडं सरकला की सरळ तुमच्या पाठीमागे. ज्युडोत तोवर २० सेकंद झालेले असतात, म्हणून जोखीम परवडते. जिउ-जित्सूत पाठ गेली म्हणजे ४ गुण आणि गळा. म्हणून तिथं मानेखालचा हात काढून त्याच्या पलीकडच्या, डाव्या बगलेखालून घालतात. ज्युडोत त्यालाच कुझुरे-केसा म्हणतात. माझ्या मते नवशिक्यानं दोन्हीकडे हीच आधी शिकावी.

खालून सुटायचं तर पहिला नियम: हात सरळ करून वरच्याला ढकलू नका. नवीन माणूस हमखास हेच करतो आणि ताणलेला हात आयता आर्मबारला (कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीला) देतो. आधी कोपर बरगडीशी. मग त्याच्याकडे वळून कुशीवर. मग पाय रोवून कंबर मागे सरकवायची. जपानीत याला एबी म्हणतात, म्हणजे कोळंबी, आणि दिसतंही तसंच. एका एबीत सुटत नाही, तीन-चार लागतात, आणि दर वेळी मिळालेली चार बोटं जागा कोपरानं अडवून ठेवायची. कोपर नाही घातलं तर वरचा ती जागा परत खातो. शेवटी दोन्ही पायांनी त्याचा मागचा पाय अडकवा.

गंमत इथं आहे. ज्युडोत पाय अडकला की पंच 'तोकेता' म्हणतो, घड्याळ थांबतं आणि खालचा सुस्कारा टाकतो. जिउ-जित्सूत ही जागा हाफ गार्ड, आणि काम इथून सुरू होतं: बगलेखाली हात, वर येणं, उलटवणं. तेच पाय, तीच पकड, पण एकाला इथं थांबायला शिकवलंय आणि दुसऱ्याला निघायला.

---

पट_काढणारा

आखाड्यातून येणाऱ्यांसाठी भर घालतो, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न विचारणाऱ्यांत ते बरेच असतात. कुस्तीत पाठ टेकली की चीतपट. त्यामुळे पैलवान खाली जाताना आपोआप पालथा होतो. ज्युडोत ही सवय चालून जाते. जिउ-जित्सूत पहिल्याच दिवशी महाग पडते, कारण पालथं झाल्यावर वरचा पाठीवर चढतो आणि गळ्याभोवती हात घालतो. पाठीवर पडणं म्हणजे हरणं नव्हे, हे डोक्यानं लगेच पटतं, अंगाला पटायला काही महिने लागतात.

दुसरी गोष्ट, एकेरी पट, दुहेरी पट, म्हणजे एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणं. ज्युडोत उभ्यानं कंबरेखाली हात घालणं २०१० पासून आवळत आणलं आणि २०१३ ला पूर्ण बंद केलं. पटावर जगणारा पैलवान तिथं निम्मा होतो. धोबीपछाड मात्र चालतो, ज्युडोतल्या इप्पोन-सेओइ-नागे या खांद्यावरून फेकायच्या डावाचा सख्खा भाऊ आहे. जिउ-जित्सूत पट चालतो, पण डोकं बाहेरच्या बाजूला आणि मान खाली ठेवून घुसलात तर गिलोटिन (समोरून बगलेत धरून गळा आवळणं) बसतो. डोकं त्याच्या छातीला, नजर वर, पाठ ताठ. कुस्तीचा वस्ताद हेच सांगतो, फक्त तिथं चुकल्यावर गळा आवळत नाहीत.

---

आकडेमोड

वाखूसा (वाचनखूण साठवली). नवा_गडी, तुमच्यासाठी माझं मत: जिउ-जित्सू, तीन दिवस. पैसे टोचत असतील तर सहा महिने ज्युडो आणि मग बदल. उलटा क्रम नको. उकेमी आणि दाबून धरणं आधी आलं की पुढे त्यावर गार्ड चढतो. उलट क्रमानं जाणाऱ्याला उभं राहायचाच कंटाळा येतो.

---

तालमीतला

+१. मी तर म्हणेन दोन दिवस जिउ-जित्सू, एक दिवस ज्युडो, दोन्हीकडे तसं चालवून घेत असतील तर. वरच्या पातळीवरही लोक हेच करतात. ट्रॅव्हिस स्टीव्हन्स २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ८१ किलोत रौप्य जिंकला, तो जिउ-जित्सूचा काळा पट्टा. ब्राझीलचा फ्लावियो कांतो, २००४ अथेन्सचं कांस्य, तोही. ज्युडोतल्या त्या काही सेकंदांत काम उरकायचं तर जमिनीवरचं ज्ञान जास्तच लागतं, कमी नाही.

---

जुजीबाई

आर्मबारचा विषय निघालाच आहे, तर हा एक डाव दोन्हीकडे वेगळा का शिकवतात ते लिहिते. निवड करताना उपयोगी पडेल.

जुजी-गातामेत (आर्मबारचं ज्युडोतलं नाव) तपासायच्या जागा तशा थोड्याच. त्याचा अंगठा छताकडे. त्याचं कोपर तुमच्या जांघेच्या हाडाच्या किंचित वर, तुमच्या पोटाकडे. बूड त्याच्या खांद्याला चिकटलेलं, मध्ये मूठही जाता कामा नये. गुडघे एकमेकांकडे दाबलेले. मनगट छातीशी. हे सगळं झाल्यावर कंबर हळू उचलायची. हात ओढायचा नसतो, कंबर वर जाते म्हणून कोपर ताणलं जातं.

सगळ्यात जास्त काय चुकतं? बूड चिकटायच्या आधी मागे पडणं. मग कोपर जांघेच्या पलीकडे खाली सरकतं आणि तुमच्या हातात नुसतं मनगट उरतं. दुसरं, घोटे एकमेकांवर चढवले की गुडघे आपोआप उघडतात. फट दिसली की तो अंगठा मॅटकडे फिरवून त्या दिशेला वळतो आणि निसटतो. तिसरं, त्यानं दोन्ही हात गुंफलेत आणि तुम्ही सरळ मागे ओढत बसलात. त्याच्या दोन्ही हातांची ताकद त्याच रेषेत आहे. तुमचा हात त्याच्या कोपराच्या खाचेत घाला, त्याच्या डोक्याच्या दिशेला तिरक्या पडा, पाय त्याच्या दुसऱ्या हाताच्या दंडावर रोवून ढकला.

ज्युडोत हे सगळं धावत्या गाडीत चढल्यासारखं शिकवतात, कारण 'माते' कधीही येतो. फेकून हात न सोडता लगेच फिरायचं, किंवा कासवावरून लोळत जायचं. ४८ किलोत २०२४ च्या पॅरिसचं सुवर्ण घेणारी त्सुनोदा नात्सुमी बघा: तोमोए-नागे (मागे पडत पाय पोटाला लावून डोक्यावरून फेकणं), आणि फेक पुरती संपायच्या आत हात पकडलेला. जिउ-जित्सूत आधी जागा पक्की करतात, समोरचा हात गुंफून बसला तरी घाई नाही. नवशिक्याला दुसरी पद्धत लवकर समजते, कारण कुठं चुकलं ते थांबून दाखवता येतं.

आणि कोपराबाबत: टॅप (थोपटून हार मानणं) करायचा तो दुखल्यावर नाही, हात सरळ झाल्यावर.

---

गुडघेदुखी

वय ३१, म्हणून हे वाचा. ज्युडोत सांधेमोड फक्त कोपराची, पायाच्या पकडी बंद. जिउ-जित्सूत पांढऱ्या पट्ट्याला साधा सरळ घोट्याचा लॉक चालतो, गुडघ्याचा आणि पंज्याचा लॉक तपकिरी पट्ट्यापासून. टाच पिळणारा हील हूक आयबीजेजेएफमध्ये फक्त नो-गीत (गी म्हणजे जाड पोशाख, त्याशिवायच्या लढतीत), तोही तपकिरी-काळ्यांना. पण हे स्पर्धेचे नियम झाले. काही वर्गांत नो-गीच्या दिवशी पहिल्या महिन्यापासून सगळं मोकाट असतं. हील हूकमध्ये आधी दुखत नाही, आधी अस्थिबंध जातो. टाच पकडली गेली की टॅप, आणि तोवर लोळून सुटायचा प्रयत्न नाही.

उभ्यानंही धोका आहे. तानी-ओतोशी, म्हणजे मागे बसत पाडणं, अर्धवट येणाऱ्याकडून झालं की त्याचं सगळं वजन तुमच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगावर येतं आणि पाय मॅटला रुतलेला असतो. उडी मारून गार्ड घेणाराही तसाच, म्हणूनच पांढऱ्या पट्ट्यांना ते मना आहे. दोन्ही खेळांत लोक गळा आवळण्याला घाबरतात. तो वेळेत सुटला तर बहुतेक वेळा काही होत नाही, पण नीट बसला तर ८-१० सेकंदांत शुद्ध जाते, तेव्हा हट्ट नको. कायमचं नुकसान जास्त करून गुडघ्याचं होतं.

---

कानाखाली_केसा

वर्ग बघायला जाल तेव्हा मिनिटांबरोबर हेही बघा. १०० किलोवाला ६० किलोवाल्याशी खेळताना वजन टाकतोय की आवरतोय? टॅप दिल्यावर पकड त्याच क्षणी सुटते का? खालच्यानं सुटण्यापासून सुरू होणाऱ्या फेऱ्या आहेत का? म्हणजे एक जण आधीच साइड कंट्रोलमध्ये (कुशीकडून दाबलेला), काम फक्त सुटण्याचं, दोन मिनिटं, मग अदलाबदल. तुम्हाला जे शिकायचंय त्याला याहून चांगला सराव नाही. ज्युडोच्या गुरुजींनी हे करायला होकार दिला, तर माझं मत बदलेल आणि तुमचे पैसे वाचतील. विचारून बघायला काय जातं.

---

नवा_गडी

विचारलं. ज्युडोचे सर म्हणाले, शुक्रवारी शेवटची ४० मिनिटं फक्त ने-वाझा असतो, आणि सुटण्याच्या फेऱ्या घ्यायला त्यांची हरकत नाही. अकॅडमीत आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्यांची वेगळी फी आहे, ती निम्मी. तर मंगळवार-शनिवार जिउ-जित्सू आणि शुक्रवारी ज्युडो असं जमवतोय. शेवटचा प्रश्न: पोशाख दोन घ्यावे लागतील का?

---

आकडेमोड

खेळांसाठी दोन नकोत, पावसासाठी हवेत. ज्युडोगी जिउ-जित्सूच्या सरावाला चालतो. उलटं सरावात चालेल, पण ज्युडोच्या स्पर्धेत बाही अरुंद म्हणून परत पाठवतील. पहिला ज्युडोगी घ्या, पण दर चौरस मीटरला ७५० ग्रॅम भरणाऱ्या जाड कापडाचा नको. जून ते सप्टेंबर तो पंख्याखाली दोन दिवसांतही वाळत नाही, आणि ओला अंगावर चढवलात की महिन्याभरात नायटा. ४५० च्या आसपासचा हलका, आणि दुसरा तसाच. सुती असेल तर आटतो, एक माप मोठा घ्या आणि गरम पाण्यात टाकू नका.

---

जुजीबाई

आणि नखं. हातापायांची, दर मंगळवारी.